मातीच्या बोळक्यातला चहा आणि मनाचा कणखरपणा

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. नवघरच्या आमच्या विहारात सायंकाळची वंदना आटोपली होती. महिला मंडळाच्या भगिनी सतरंज्या गुंडाळत होत्या आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत पोरांचा कबड्डी-कबड्डीचा दम घुमत होता. सगळे पांगले, तरी एक तरुण चपला शोधण्याच्या निमित्ताने दाराशी रेंगाळत राहिला. त्याच्या वडिलांना आम्ही वीस वर्षांपासून ओळखतो. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यात पॉलिशचे काम करून, फुप्फुसात धूळ भरून घेऊन या माणसाने दोन मुले शिकवली. थोरला पदवीधर होऊन अंधेरीच्या एका खासगी कंपनीत विक्री विभागात लागला तेव्हा वस्तीत पेढे वाटले होते. दाराशी उभा होता तो हाच मुलगा.

"जयभीम दादा. थोडा वेळ आहे का?" असे म्हणून त्याने खिशातून घडी केलेला एक कागद काढला. कंपनीने त्याच्या वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन करून दिलेले ते पत्र होते. आकडे ठीक होते. पण शेवटी इंग्रजीत एक वाक्य होते. त्याचा अर्थ असा, की सदर कर्मचाऱ्याकडे दबावाखाली टिकून राहण्याची मानसिक क्षमता कमी आढळते. सबब बढतीचा विचार या वर्षी करता येणार नाही.

त्याआधी दोन महिने याच कंपनीने सर्वांना लोणावळ्याला नेऊन 'मानसिक कणखरता' या विषयावर दिवसभराचे शिबिर घेतले होते. पडद्यावर नामवंत क्रिकेटपटूंची चित्रे झळकली. व्याख्याता म्हणाला, चॅम्पियन परिस्थितीकडे बोट दाखवत नाही, तो स्वतःच्या आत पाहतो. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या या मुलानेही वाजवल्या.

आम्ही विचारले, "ऑफिसात नेमके काय होते ते सांग." सांगायला त्याला बराच वेळ लागला. पहिल्याच दिवशी पूर्ण नाव आणि गाव विचारून झाले. मग 'सरकारी जावई' हे टोपणनाव पडले. १४ एप्रिलची रजा मागितली की हशा. दुपारी त्याने डबा उघडला की शेजारच्या दोघांना नेमका फोन येतो. साहेब केबिनमध्ये बोलावून म्हणतात, "इथे कोटा चालत नाही बरं का, इथे टार्गेट चालतं." हे सारे हसत हसत. शिवी कोणी देत नाही. रात्री झोप लागत नाही. रविवारी सायंकाळ झाली की पोटात कालवाकालव सुरू होते. सोमवारी भाईंदर स्टेशनवर आत शिरायला जागा असलेल्या दोन-दोन लोकल तो सोडून देतो, कारण पाय उचलत नाहीत. हे सांगून झाल्यावर त्याने आम्हाला विचारले, "दादा, मी खरंच कमजोर आहे का?"

त्या एका प्रश्नासाठी हा लेख लिहीत आहोत. आम्ही मानसशास्त्राचे डॉक्टर नव्हे. आमची सनद कायद्याची आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर आमच्या इतिहासात आहे, आणि तेही ज्या रेल्वेमार्गावर हा मुलगा रोज उभा राहतो त्याच मार्गावर आहे. आज ज्याला आपण पश्चिम रेल्वे म्हणतो, तिचा मोठा भाग १९५१ पूर्वी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे बी. बी. अँड सी. आय. या कंपनीचा होता. या कंपनीच्या नोकरीत आणि तिच्या क्रिकेट संघात एक चांभार समाजाचा गोलंदाज होता. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बालपण पुण्यात गेले. पोराने पहिली नोकरी धरली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात, मैदान झाडण्याची आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याची. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये. जाळी लावायची, खेळपट्टी आखायची आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डाव्या हाताची त्यांची फिरकी तिथेच घडली. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नाणावलेला इंग्रज फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे मेहनतीचे काम म्हणून ते या पोराचे आणि फलंदाजी साहेबांची, अशी ती वाटणी होती. मैदानातही वर्णव्यवस्था किती चोख उतरते पहा!

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते. मोठी चर्चा झाली, काहींनी विरोध केला, शेवटी घेतले. पण घेतले कसे? मैदानात ज्या चेंडूला बाळूंचा हात लागला, तोच चेंडू सवर्ण खेळाडू झेलत. तिथे विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा, आणि बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या बोळक्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायला पाणी हवे असले तर ते अस्पृश्य नोकराने आणून द्यायचे. चहा संपला की पुन्हा मैदानात जाऊन याच लोकांसाठी बळी घ्यायचे.

प्लेगच्या साथीनंतर पालवणकर कुटुंब मुंबईला आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीयांचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. एका बळीमागे सरासरी १९ धावासुद्धा दिल्या नाहीत. पस्तिशी गाठलेल्या, दुखऱ्या खांद्याच्या माणसाची ही कामगिरी. त्यांच्या पाठोपाठ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तीन धाकटे भाऊही मैदानात उतरले. विठ्ठलरावांनी पुढे, १९४८ साली, 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. २००२ मध्ये रामचंद्र गुहा यांनी क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर इंग्रजी ग्रंथ लिहिला तेव्हा बाळूंचे नाव पुन्हा चार लोकांच्या तोंडी आले. एरवी ज्या शहरात गल्लीबोळांत क्रिकेट खेळले जाते, त्या शहराने हा माणूस विसरून टाकला होता.

आता लोणावळ्याच्या त्या व्याख्यात्याला ही कथा दिली तर तो काय करील? पडद्यावर बाळूंचे चित्र लावील आणि म्हणेल, पहा, बोळक्यात चहा मिळाला तरी या माणसाने तक्रार केली नाही, बळी घेत राहिला! हीच खरी मानसिक कणखरता!

इथेच आमचा आक्षेप आहे. सहनशक्ती आणि मनोबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहनशक्ती बैलाकडेही असते. ती जू ओढणाऱ्याला नव्हे, जू ठेवणाऱ्याला सोयीची असते. मनोबल म्हणजे आपल्यावर पडणाऱ्या भाराचे नाव ओळखणे, तो भार कोणी ठेवला हे समजणे, आणि तरीही आपले काम व आपली किंमत हातची न सोडणे. बाळूंकडे मनोबल होते यात शंका नाही. पण ते कशावर उभे होते हे तपासले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्या कामाचे माप. चेंडूने यष्टी उडाली की ती उडाली. पंचाला 'हा चांभाराचा बळी, अर्धाच धरा' असे म्हणता येत नाही. ११४ म्हणजे ११४. दुसरी गोष्ट, चार भाऊ. मैदानातून घरी आल्यावर ज्याच्याशी बोलता येईल, ज्याला त्या बोळक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, असे कोणीतरी होते. तिसरी गोष्ट, रोजगार. पोटासाठी कोणाच्या मेहेरबानीवर संपूर्ण अवलंबून राहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. मनाचा कणखरपणा हवेत उगवत नाही. त्याला खालून अशी जमीन लागते.

आणि एवढे असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. बळी मोजता येतात, पण कर्णधार निवड समिती ठरवते. ऑफिसातही हेच. आमच्या त्या मुलाचे विक्रीचे आकडे ठीक होते, ते कोणाला नाकारता आले नाहीत. बढती साहेबांच्या एका वाक्यावर होती, आणि त्या वाक्याला पंच नव्हता. म्हणून काम आमचे आणि नेतृत्व त्यांचे, ही जुनी वाटणी 'मानसिक क्षमता कमी' या नव्या भाषेत परत येते. पूर्वी सरळ जात सांगत. आता स्वभाव सांगतात.

मग कोंडी फुटली कशी? आणखी सहन करून फुटली नाही. १९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना संघाबाहेर ठेवले गेले. कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठलराव आणि शिवराम यांचा हक्क डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या देवधरांना कर्णधार केले. दोघा भावांनी जाहीर निवेदन काढले आणि संघातून बाहेर पडले. चर्चा पेटली. अंतिम सामन्याच्या वेळी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावावे लागले, भाऊही परतले. आणि तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवले, आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. बोळक्यापासून खांद्यापर्यंतचा हा प्रवास वीस-पंचवीस वर्षांचा आहे. त्यातला निर्णायक क्षण मैदान सोडण्याचा आहे.

हाच मैदान सोडण्याचा क्षण आम्हाला दुसऱ्या, त्याहून कितीतरी थोर माणसाच्या चरित्रात दिसतो, आणि तोही याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबियाचे शिक्षण, लंडनचे शिक्षण, सगळे जवळ होते. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाइली फेकत. प्यायला पाणी मिळत नसे. राहायला जागा मिळेना म्हणून पारशांच्या एका मुक्कामाच्या ठिकाणी नाव लपवून राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. सामान बाहेर. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत काढला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे, आणि अठरा वर्षांनीही ती आठवताना डोळ्यांत पाणी येते असे नमूद केले आहे. ती रात्रीची मुंबईची गाडी वसईची खाडी ओलांडून आमच्या भाईंदरवरूनच गेली असणार. त्या वेळी इथे मिठागरे होती आणि नवघर हे लहानसे गाव होते.

आम्ही त्या व्याख्यात्याला विचारतो, बडोद्याची नोकरी सोडून आलेला तो सव्वीस वर्षांचा तरुण मानसिकदृष्ट्या कमजोर होता काय? त्याच्या मूल्यमापनाच्या पत्रात तुम्ही काय लिहिले असते? 'दबावाखाली टिकून राहण्याची क्षमता कमी'? पुढच्याच वर्षी तो सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला. तिथेही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून कुरकुर केली. १९२० मध्ये अपुरा अभ्यास पुरा करायला तो पुन्हा लंडनला गेला. आणि २० मार्च १९२७ रोजी त्याने महाडच्या तळ्याच्या पाण्याला हात लावला. बडोदा सोडणे म्हणजे पळणे नव्हते. कोणत्या मैदानात लढायचे याची ती निवड होती. रडू येणे हाही कमजोरीचा पुरावा नव्हे. जखम खरी होती याचा तो पुरावा आहे.

इथे आमचे जाणते वाचक कान टवकारतील, आणि त्यांचा हक्कच आहे. ते म्हणतील, वकीलसाहेब, बाळूंचे गुणगान करता, पण १९३७ विसरलात काय? नाही विसरलो. १९३२ च्या पेचप्रसंगात बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला उभे राहिले, पुणे कराराखाली त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. म्हणून आमच्या चळवळीने बाळूंचे नाव मागे ठेवले, आणि ज्यांनी त्यांना उभे केले त्यांनीही काम झाल्यावर त्यांची आठवण ठेवली नाही.

आम्हाला वाटते, या मतभेदातच आजच्या विषयाचे सार आहे. बाळूंचा अनुभव असा, की त्यांनी बळी घेतले, नाव कमावले, आणि हळूहळू बोळक्याच्या जागी कप आला, वेगळ्या ताटाच्या जागी पंगत आली. ज्याला स्वतःच्या कर्तबगारीने दार उघडताना दिसले, त्याला ते दार सगळ्यांसाठीच उघडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण बाबासाहेबांचा प्रश्न वेगळा होता. ११४ बळी घेतल्यावर कप मिळणार असेल, तर जो एकही बळी घेत नाही त्याचे काय? मैदान झाडणाऱ्या, चार रुपयांवर राबणाऱ्या, ज्याच्या हातात फिरकी नाही अशा लाखो पोरांनी बोळक्यातच प्यायचे काय? महाडला तळ्यावर गेलेले लोक चॅम्पियन नव्हते, साधे शेतकरी-मजूर होते. पाणी हा पराक्रमाचा इनाम नाही, माणूस असण्याचा हक्क आहे, हे महाडने सांगितले. बाळूंचे बळी आमचे आहेत, ते आम्ही कोणाला देणार नाही. पण वाट आमची बाबासाहेबांची आहे.

आता कोणी म्हणेल, हे जुने झाले. तर ऑगस्ट २०२१ आठवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी संघातल्या वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी मे महिन्यात वडील वारले तेव्हा ती सराव शिबिरात होती, अंत्यदर्शनालाही जाऊ शकली नव्हती. ४ ऑगस्टला उपांत्य सामना अर्जेंटिनाकडून हरलो, आणि हरिद्वारजवळच्या तिच्या गावी घरासमोर काही जणांनी फटाके वाजवले, घरच्यांना जातिवाचक बोलले, संघात दलित मुली घेतल्या म्हणून हरलो असे म्हटले. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दोन दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनविरुद्ध ती पुन्हा उतरली आणि तिने गोल केला. त्यानंतर ती २०२५ पर्यंत खेळली, ३२० सामने खेळून निवृत्त झाली. अकरा जणी हरल्या, पण फटाके एकीच्याच दारात वाजले. सवर्ण खेळाडू हरला की तो एकटा हरतो. आपली पोर हरली की अख्खी जात हरवली जाते. हा दुहेरी भार मोजणारे यंत्र कोणत्या कंपनीच्या शिबिरात आहे?

हा भार नेमका काम कसा बिघडवतो, याचाही अभ्यास झाला आहे. जागतिक बँकेच्या अभ्यासक कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणाची जात पुकारली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. मग मुलाचे नाव, गाव, बापाचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. दलित मुलांची सोडवलेली कोडी लक्षणीय घटली. ही दलित मुले चांभार समाजाची होती, बाळूंच्या समाजाची. मुले तीच, मेंदू तोच, कोडी त्याच प्रकारची. बदलले ते एवढेच, की खोलीत जात आली. मनाचे लक्ष मोजके असते. त्यातले अर्धे जर समोरच्याचे चेहरे वाचण्यात, पुढचा टोमणा कुठून येतो याचा अंदाज घेण्यात गेले, तर कोड्याला उरते अर्धे. आमच्या त्या मुलाला डबा उघडताना, आडनाव सांगताना, रजा मागताना जी शक्ती खर्चावी लागते, ती त्याच्या शेजाऱ्याला खर्चावी लागत नाही. तरीही त्याने आकडे गाठले. मग कणखर कोण?

कायद्याचे बोलल्याशिवाय आमचा लेख पुरा होत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जाणीवपूर्वक अपमान आणि जातिवाचक शिवीगाळ हे गुन्हे आहेत, पण ते 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' घडावे लागतात. ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या एका प्रकरणात, सरकारी अधिकाऱ्याला त्याच्याच कार्यालयाच्या चार भिंतींत केलेली शिवीगाळ या व्याख्येत बसत नाही म्हणून खटला रद्द केला. म्हणजे केबिनचे दार लावले की कायद्याचेही दार लागते! महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. जातीच्या छळासाठी खासगी आस्थापनांत तशी सक्ती करणारा कायदा नाही. चळवळीने ही मागणी लावून धरली पाहिजे. मानसिक कणखरतेची शिबिरे घेणाऱ्या कंपन्यांनी आधी तक्रार ऐकणारी एक खोली उघडावी.

स्वतःकडेही बोट दाखवू. वकिलीच्या सुरुवातीला आम्ही एका वरिष्ठांच्या चेंबरमध्ये उमेदवारी करीत होतो. नावे घेत नाही. पक्षकारांसमोर ते आमची ओळख 'आमच्याकडचे आरक्षणवाले' अशी करून देत. आम्ही दीड वर्ष हसून घेतले, आणि घरी येऊन लहान भावावर खेकसत राहिलो. कोणाला बोललो नाही, कारण चळवळीतल्या माणसाने खचायचे नसते अशी आमची समजूत होती. ही समजूत आपल्या वस्त्यांत आजही आहे. पोरगा स्पर्धा परीक्षेत दोनदा नापास झाला की आपण म्हणतो, बाबासाहेब दिव्याच्या उजेडात शिकले, तुला काय धाड भरली? बाबासाहेबांचे नाव पोरांच्या पाठीवर हात ठेवण्यासाठी घ्यायचे असते. पाठीवर ओझे ठेवण्यासाठी नव्हे.

अमेरिकेची कृष्णवर्णीय जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने टोकियोत सांघिक अंतिम स्पर्धेतून माघार घेतली. मन आणि शरीर जुळत नाही, उडी जिवावर बेतेल, असे तिला जाणवले. तेव्हा तिला भित्री म्हणणारे कमी नव्हते. २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके घेतली. थांबणे हाही खेळाचा भाग आहे, हे आता जगातले प्रशिक्षक शिकत आहेत. आपणही शिकू.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. अंगात एक बाण शिरला, त्याची वेदना होणारच. पण अज्ञानी माणूस त्या वेदनेवर शोक करून स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. 'मी कमजोर आहे' हा आमच्या त्या मुलाने स्वतःला मारलेला दुसरा बाण आहे. तो काढता येतो, धम्म त्यासाठीच आहे. परंतु दुसरा बाण काढायला शिकवताना पहिला बाण कोणाच्या धनुष्यातून सुटला हे विचारायचे नाही, असे तथागतांनी कुठेही सांगितलेले नाही. लोणावळ्याचे व्याख्याते नेमके तेच सांगतात.

त्या रविवारी आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, तू कमजोर नाहीस. तू थकला आहेस, आणि थकण्याचे कारण तुझ्या बाहेर आहे." मग काही साध्या गोष्टी ठरवल्या. त्याने एक वही करायची. तारीख, वेळ, कोण काय बोलले, कोण हजर होते, ते त्याच दिवशी लिहायचे. न्यायालयात आठवणीपेक्षा तारखेला किंमत असते, आणि मनातले कागदावर उतरले की रात्रही थोडी हलकी होते. झोप येत नाही तर डॉक्टरांकडे जायचे, त्यात लाज नाही. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते. मूल्यमापनाच्या त्या वाक्याचा आधार काय, हे कंपनीला लेखी विचारायचे. नोकरी सोडायचीच असेल तर सोडावी, पण दुसरी हाती आल्यावर, आणि 'मी हरलो' असे म्हणून नव्हे. आणि दर रविवारी यायचे. विहारात दहा-बारा नोकरदार पोरे-पोरी आहेत. तेच त्याचे शिवराम, गणपत, विठ्ठल.

अर्ज आम्ही मिळून लिहिला. कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही. येईल तेव्हा कसे येईल हे सांगता येत नाही, वकिली करणाऱ्याने खोटी आशा देऊ नये. पण परवाच्या रविवारी तो वेळेआधी आला. वही दाखवली, अकरा पाने भरली होती. वडीलही सोबत होते. पोराला ऑफिसात काय सोसावे लागते हे त्यांना पहिल्यांदाच कळले होते. ते एवढेच म्हणाले, "मला आधी सांगायचं ना रे." वंदनेनंतर पोरगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पोरांच्या कबड्डीत उतरला. पहिल्याच चढाईत पकडला गेला, बाद होऊन रेषेबाहेर बसला आणि हसत बसला. त्याच्या गड्याने पलीकडचा एक गडी टिपला, तसा तो उठून पुन्हा आत गेला.

कबड्डीचा हा नियम आम्हाला फार आवडतो. बाद झालेला गडी एकट्याच्या हिमतीवर परत येत नाही. त्याचा साथीदार पलीकडचा गडी बाद करतो, तेव्हा तो आत येतो. नवघरच्या त्या मैदानावर पोरे हे रोज खेळतात. आपल्या ऑफिसांत, कॉलेजांत, कचेऱ्यांत रेषेबाहेर बसलेली आपली कितीतरी पोरे आहेत. त्यांना कणखर व्हा असे सांगण्याआधी आपण आपली चढाई करू या.

जयभीम!